मूळव्याध म्हणून बोळवण नको

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत पाळीबद्दल बायका आता बोलतात. शौचातून रक्त जाते हे मात्र सत्तरीची आजी सुनेलाही सांगत नाही. मूळव्याधच असेल म्हणून दिवस ढकलते. तो आतड्याचा कर्करोगही असू शकतो.

टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांमध्ये अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित कार्यकर्तींनी केलेल्या साध्या व्हिनेगर-तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तरी २०१६ च्या सरकारी सूचनांत तोंड, स्तन, गर्भाशयमुख एवढेच, तेही तीस ते पासष्ट वयापर्यंत. पासष्टीनंतर बाईला शरीरच नसते की काय?

सरसकट तपासणी परवडत नसेल, तर निदान रक्त जाणाऱ्या वा अंगात रक्त कमी झालेल्या वृद्धेला मलम देऊन वाटेला लावण्याआधी पालिका दवाखान्याने नीट तपासावे, गरज पडल्यास दुर्बिणीच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे, ही मागणी आपण वॉर्डावॉर्डांत रेटू या.