आरोग्यचिंतन : हृदयवाहिन्यांचें अस्तर

गेल्या माघांत आम्ही कुटुंबीयांसह नाशिकच्या पांडवलेण्यांना गेलों होतों. निम्म्या पायऱ्या चढल्यावर आमचे मामा छातीवर हात ठेवून खालीं बसले. “पित्त खवळलें आहे,” म्हणाले. थोडें विसांवतांच दाब निवळला व ते हंसत उठले. आम्ही मात्र त्यांना पुढें चढूं दिलें नाहीं. कां, तें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवितें. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंसही रक्त लागतें. स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्यांत तें मिनिटाला सुमारें २५० घनसेंटिमीटर असतें. श्रमांत चौपटीपर्यंत वाढावें लागतें. इतर स्नायू रक्तांतील प्राणवायु अधिक शोषून वेळ निभावून नेतात. हृदय विश्रांतींतही त्याचा बहुतेक भाग शोषीत असल्यानें, जास्त रक्त घेण्यावांचून त्यास गत्यंतर नसतें. अर्थात् वाहिन्या रुंदावल्याच पाहिजेत. हें काम कोण करितें?

वाहिनीला आंतून पेशींच्या एकाच पदराचें अस्तर असतें. तो नुसता गिलावा आहे, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. १९८० सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट फर्चगॉट यांनीं सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीन नामक द्रव्यानें वाहिनी सैल पडते. खरवडून काढलें तर पडत नाहीं. म्हणजे अस्तराकडून स्नायूंना निरोप जातो! तो निरोप नायट्रिक ऑक्साईड वायूचा, हें १९८७ सालीं ठरलें. १९९८ सालीं फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या नाशकांत आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें तेंही त्याच वर्षीं.

पाटाला पाणी वाढतांच कांठानें आपण होऊन मागें सरावें, तशी ही योजना आहे. रक्ताचा वाढलेला ओघ अस्तराला घांसतो. अस्तर नायट्रिक ऑक्साईड सोडतें व वाहिनी रुंदावते. प्रोस्टासायक्लिन त्यास साह्य करितें. उलट, १९८८ सालीं जपानांत सांपडलेलें एंडोथेलिन वाहिनी आवळतें. निरोगी अस्तर दोहोंचा तोल राखतें.

धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब व साचलेला मेद यांनीं अस्तर बिघडलें, म्हणजे ज्या ॲसिटिलकोलीननें वाहिनी रुंदावयाची, त्यानेंच ती आवळूं लागते!

डॉक्टरांनीं मामांचें दुखणें हृदयशूळ ठरविलें आणि जिभेखालीं ठेवण्यास नायट्रोग्लिसरीनची गोळी दिली. तीही देहांत नायट्रिक ऑक्साईडच पुरविते. अस्तराला जें साधत नाहीं तें ती तात्पुरतें साधते. ती वैद्यकीय सल्ल्यावांचून कोणीं घेऊं नये. मामांनीं सिगारेटचें पाकीट मामींच्या स्वाधीन केलें, तें औषध मात्र कोणासही घेतां येईल.

श्रमानें छाती दाटत असेल व विश्रांतीनें मोकळी होत असेल, तर पित्त म्हणून घरांत आल्याचा रस पाजीत बसूं नये, डॉक्टरांना दाखवावें. दाब ओसरलाच नाहीं, तर विलंब न लावितां १०८ क्रमांकास हांक द्यावी. वडील मंडळी दुखणें लपवितात. तें ओळखणें घरच्यांचें काम आहे.