ऑब्जेक्टच्या खिशात हात

मागच्या वर्षी माझ्या एका ओळीमुळे क्लायंटच्या कामगारांचा ओव्हरटाइम पगारातून गायब झाला. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. थेट पगाराच्या दिवशी फोन. "सर, सगळ्यांच्या स्लिपमध्ये ओव्हरटाइम शून्य कसा?"

ओळ साधीच होती. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम चालू असताना ऑब्जेक्टला विचारता येतं, बाबा रे, तुझ्या खिशात काय काय आहे? 'डिर' नावांची यादी देतं, 'व्हार्स' सहसा व्हॅल्यूंसकट देतं आणि 'गेटअ‍ॅट्र'ला नाव सांगितलं की तेवढीच व्हॅल्यू काढून देतं. मी भत्त्यांच्या नावांची यादी केली, लूप फिरवला, वीसेक ओळी वाचवल्या. जाम खूष! वर शहाणपणा म्हणून 'गेटअ‍ॅट्र'ला तिसरं आर्ग्युमेंट दिलं: नाव सापडलं नाही तर शून्य धर.

पुढे टीममधल्या एकाने क्लासमधलं 'ओव्हरटाइम' हे नाव बदललं. त्याचं काहीच चुकलं नाही. एडिटरने सगळीकडे नवीन नाव घातलं, माझी यादी तेवढी सोडली. कारण तिथे होती ती नुसती स्ट्रिंग.

हा घोळ जुनाच आहे. जावाच्या जेयुनिट ३ मध्ये 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्या मेथड्स रिफ्लेक्शनने शोधल्या जात. स्पेलिंग चुकलं की ती टेस्ट गुपचूप चालायचीच नाही. २००६ साली जेयुनिट ४ आलं, अ‍ॅनोटेशन आलं. त्याचं स्पेलिंग चुकवलं तर कंपायलरच ओरडतो.

मग हे वापरूच नये का? तसं नाही. डीबगर, टेस्ट फ्रेमवर्क, ओआरएम यांना समोर कुठला क्लास येणार हे आधी माहीतच नसतं, त्यांनी जरूर विचारावं. मला मात्र क्लास पाठ होता. जिथे माहीत आहे, आणि त्यातही जिथे पैशांचा हिशोब आहे, तिथे सरळ नावाने हाक मारावी. वीस ओळी जास्त झाल्या तर होऊ देत.

आणि विचारायचंच असेल तर ते तिसरं आर्ग्युमेंट देऊ नका. "माझ्याकडे नाही" आणि "माझ्याकडे शून्य आहे" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पायथॉन एरर देऊन ओरडायला तयार होता, मीच त्याचं तोंड दाबलं.

फरकाचे पैसे पुढच्या पगारात मिळाले. पण तो महिना त्या लोकांनी कसा काढला, हे मला कुठल्याच ऑब्जेक्टला विचारता येणार नाही. असो. सोमवारी ऑफिसला गेलात की आपल्या कोडमध्ये 'गेटअ‍ॅट्र' एकदा शोधून बघा.