जुनं ते सोनं आणि इतर अफवा

‘जुनं ते सोनं’ ही म्हण एखाद्या गिऱ्हाइकानं काढली असेल यावर माझा विश्वास नाही. ती जुन्या बाजारात पथारी पसरून बसलेल्या माणसानंच काढली असणार, आणि तीही संध्याकाळी, माल शिल्लक राहिल्यावर. आम्ही पडलो बँकेतले कारकून. आमच्याकडे तारण ठेवायला आलेलं खरंखुरं सोनंसुद्धा आधी सराफ कसोटीवर घासतो आणि मगच कर्जाचा फॉर्म पुढं सरकतो. चेकचं तर विचारूच नका. २०१२ पासून तो तीन महिन्यांतच शिळा होतो. पण सुताराचा लोखंडी रंधा मात्र जितका शिळा तितका महाग! त्यावर ‘शेफिल्ड’ अशी अक्षरं उमटलेली असली की भल्याभल्या शहाण्यांची पाकिटं आपोआप उघडतात.

आमचे मेहुणे या पंथातले आहेत. परवा त्यांनी असाच एक विलायती रंधा आणला आणि टेबलावर देवासारखा मांडला.

“भावजी, बघा काय पोलाद आहे! असं आता मिळत नाही.”

“तळ बघितलास?”

“तळ कशाला बघायचा? आजोबांच्या काळातला आहे.”

आजोबांच्या काळातल्या पुष्कळ गोष्टी वाकलेल्या असतात, आजोबांसकट. पण मेहुण्याशी वाद घालून घरात उपाशी कोण राहणार? म्हणून जे बोलायचं ते इथं बोलतो.

रंधा ही काही शोभेची वस्तू नव्हे. स्टॅन्ली कंपनीनं लेनर्ड बेली या कारागिराची पेटंटं १८६९ साली घेतली. आज आपण ज्याला लोखंडी रंधा म्हणतो त्याची घडण तेव्हापासून फारशी बदललेली नाही. म्हणजे तपासायचं काय, हेही बदललेलं नाही. रंधा उलटा करावा, पातं आत ओढून घ्यावं, पोलादी फूटपट्टीची कड तळावर उभी धरावी आणि खिडकीकडे तोंड करून बघावं. पुढचं टोक, तोंडाच्या अगदी पुढची जागा आणि मागचं टोक पट्टीला टेकली पाहिजेत. अधेमधे किंचित उजेड दिसला तर चालतो. तोंडापुढेच उजेड दिसला तर तो रंधा विक्रेत्याला परत द्यावा, किंवा जाड काचेवर पॉलिशपेपर पसरून आठवडाभर घासत बसायची तयारी ठेवावी. घासताना पातं जागेवर आवळलेलंच हवं, फक्त धार आत घेतलेली. कारण आवळल्यावर बिडाचा तळ केसभर का होईना, वाकतो. तळावर आधी पेन्सिलीच्या रेघा मारल्या की कुठं घासलं गेलं आणि कुठं नाही ते कळतं. टॅली लागेपर्यंत उठायचं नाही, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

गंजाला लोक उगाच घाबरतात. वरवरचा गंज निघतो. भिती बाळगायची ती तड्याची. बीड आपटलं की वाकत नाही, फुटतं. तोंडाच्या कोपऱ्यातला बारीक तडा तर पॉलिशखाली बेमालूम दडतो. म्हणूनच चकचकीत रंध्याचा मला जास्त संशय येतो.

पात्याच्या पाठीवर एक दुसरी पट्टी बसते. ती धारेच्या मिलिमीटरभर मागं हवी, आणि दोघींमध्ये फट अजिबात नको. नाहीतर छिलका त्या फटीत शिरतो आणि रंधा चोंदतो. पातं पुढंमागं करणारा पितळी स्क्रू फिरवला की सुरुवातीला काहीच हलत नाही. ते सरकारी अर्जासारखं आहे, बिघाड नव्हे. फक्त शेवटचा फेरा नेहमी पुढच्या दिशेनं द्यायचा, म्हणजे पातं काम करताना मागं सरत नाही.

पण माझं खरं भांडण मेहुण्यांशी नाहीच. त्यांचा रंधा शोकेसमध्ये जाईल, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. भांडण आहे आमच्या सोसायटीशी. क्लबाच्या खोलीचे दरवाजे दुरुस्त करायला एक मिस्त्री येतात. त्यांच्याकडे लाकडी रंधा आहे, पाचर मारलेला. त्याला स्क्रू नाही, काही नाही. पात्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी दिली की धार पुढं येते, रंध्याच्या बुडावर ठोकलं की मागं जाते. प्रत्येक टिचकीनंतर ते एक डोळा मिटून तळावरून बघतात. त्याआधी पाऊण तास दगडावर धार लावतात. हा पाऊण तास आमच्या सेक्रेटरींना खुपतो. “मिस्त्री नवाला येतात, पावणेदहापर्यंत दगडच घासतात. रोज आपण कामाचा देतो की घासण्याचा?” असं त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, आणि वीस सुशिक्षित माना हलल्या. त्यात सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट बघत पगारी चहा पिणारे निदान सहा होते. मी नावं घेत नाही, दोघं माझ्याच शाखेतले आहेत.

बोथट पात्यानं सागवान कापत नाही, उपटतं. तिरप्या रेषांच्या फळीवर तर खवलेच निघतात. मग कड सरळ येत नाही, सांधा मिळत नाही, आणि ती फट भुसा आणि सरस कालवून बुजवली जाते. त्यावर पॉलिश फिरलं की आपण खूश. जुलै लागतो, लाकूड फुगतं, दार अडकतं आणि आपण म्हणतो, हल्लीचे सुतार पूर्वीसारखे राहिले नाहीत! पूर्वीच्या सुताराला दगड घासू देत होते, एवढाच तो फरक.

मिस्त्रींच्या रोजातून तो पाऊण तास कापायचा ठराव पुढच्या मीटिंगला येतोय. त्यावर माझी सही मिळणार नाही. आणि सेक्रेटरीसाहेबांच्या घरचं कपाट ज्यानं झटपट, दगडाला हात न लावता करून दिलं, त्या कपाटाचा खालचा खण त्यांनी मीटिंगआधी एकदा ओढून बघावा. दोन्ही हातांनी.