सागरी किल्ल्यांची साखळी आणि तुटलेला जलमार्ग

युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील अधिवेशनात ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश वारसा यादीत केला. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात असून जिंजी हा एक तामिळनाडूत आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन किल्ले भर समुद्रातील बेटांवर उभे आहेत, तर विजयदुर्ग किनाऱ्यावर आहे. त्याच वर्षी मुंबईहून रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग येथे रो-रो जहाजसेवा सुरू करण्याची योजना राज्य सरकारने जाहीर केली. या दोन घटनांमुळे कोकणच्या सागरी पर्यटनाची चर्चा नव्याने सुरू झाली आहे. या चर्चेत ग्रीसच्या बेटांचा दाखला हमखास दिला जातो. शिडाच्या नौकेतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जावे, वाळूच्या किनाऱ्यावर उतरावे, गावात मुक्काम करावा, तेथील दंतकथा ऐकाव्यात, असा प्रवास कोकणात का होऊ नये, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न योग्य आहे. मात्र त्याचे उत्तर निसर्गसौंदर्यात शोधण्यापेक्षा जलवाहतुकीच्या व्यवस्थेत शोधावे लागेल.

डेराबस्सीहून सिंधुदुर्गापर्यंत

एका साध्या उदाहरणावरून ही बाब स्पष्ट होईल. डेराबस्सी हे चंदीगड-अंबाला महामार्गावरील पंजाबमधील औद्योगिक शहर. समुद्र तेथून सुमारे हजार किलोमीटर दूर. तरीही डेराबस्सीतील एखाद्या कुटुंबाने कोकण पाहण्याचे ठरविले, तर चंदीगडहून मडगावला जाणारी गोवा संपर्क क्रांती एक्सप्रेस त्यांना थेट कोकण रेल्वेच्या मार्गावर आणून सोडते. एक हजार किलोमीटरहून अधिक अंतराचा हा प्रवास एका तिकिटावर होतो.

खरी अडचण यापुढे सुरू होते. या कुटुंबाला खांदेरी पाहून जंजिरा, तेथून सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि शेवटी सिंधुदुर्ग असा प्रवास समुद्रमार्गे करायचा असेल, तर तशी नियमित सेवा उपलब्ध नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाता येते, हर्णैहून सुवर्णदुर्गाला आणि मालवणहून सिंधुदुर्गाला जाता येते. परंतु प्रत्येक होडी ज्या धक्क्यावरून निघते, त्याच धक्क्यावर परत येते. एका किल्ल्याकडून दुसऱ्या किल्ल्याकडे जाण्यासाठी प्रवाशाला पुन्हा घाटवळणांच्या रस्त्यावर यावे लागते. ज्या दुर्गांची उभारणीच सागरी मार्गावर लक्ष ठेवण्यासाठी झाली, ते दुर्ग आज केवळ रस्त्याने जोडलेले आहेत.

स्मरणातील बोटवाहतूक

ही स्थिती पूर्वीपासूनची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई आणि कोकण यांच्यातील मुख्य दळणवळण आगबोटींनीच होत असे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीपर्यंत जाई. अनेक बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि प्रवाशांना पडावातून किनाऱ्यावर आणले जाई. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला याच मार्गाने गावी जात असे. या प्रवासात सौंदर्यापेक्षा गरज मोठी होती, आणि त्या गरजेमुळेच मार्ग टिकून होता.

या वाहतुकीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवाशांना जलसमाधी मिळाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना घडलेल्या या दुर्घटनेची आठवण रायगड जिल्ह्यातील गावांत अजूनही सांगितली जाते.

रस्ते सुधारले, एस.टी. गावोगाव पोहोचली आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बोटसेवा क्षीण होत बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा बोटीची आर्थिक गरजही संपल्यासारखी झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे आलिशान जहाज सुरू झाले, पण ती सेवा फार काळ टिकली नाही. याउलट मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी सुरू झालेली रो-रो सेवा टाळेबंदीच्या आघातानंतरही स्थिरावली. रस्त्याने तीन-चार तासांचे अंतर ती सुमारे एका तासावर आणते आणि मोटारगाडीही सोबत नेता येते. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ येथील खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटींचा अनुभवही असाच आहे. दाभोळची सेवा २००३ पासून चालू आहे. विद्यार्थी, रुग्ण, आंबा-मासळीचे व्यापारी आणि पर्यटक एकाच बोटीतून जातात. जेथे स्थानिकांची रोजची गरज भागते, तेथे जलवाहतूक तग धरते, असा याचा अर्थ आहे.

ग्रीसचे उदाहरण नेमके काय सांगते

ग्रीसकडे लहानमोठी सुमारे सहा हजार बेटे असून त्यांपैकी २२७ बेटांवर वस्ती आहे. या बेटांना पुराणकथांची कमतरता नाही. अपोलोचा जन्म डेलोसवर झाला अशी कथा आहे, थीसियसने अरियाडनीला नॅक्सॉसवर सोडून दिले असे सांगितले जाते, तर ओडिसियसचे घर इथाका बेटावर होते. परंतु पर्यटकाला या कथांपर्यंत नेणारी व्यवस्था अत्यंत व्यावहारिक आहे. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून निघणाऱ्या फेरीबोटी औषधे, भाजीपाला, शिक्षक, सैनिक आणि टपाल घेऊन बेटांवर जातात. जे मार्ग फायद्यात चालत नाहीत, त्यांना ग्रीक भाषेत ‘वांझ मार्ग’ म्हणतात. अशा मार्गांवर सरकार अनुदान देऊन हिवाळ्यातही सेवा चालू ठेवते. पर्यटक उन्हाळ्यात येतो आणि मुळात बेटवासीयांसाठी चालणाऱ्या बोटीत बसतो.

खासगी शिडाच्या नौकांबाबतही नियम स्पष्ट आहेत. चालकाविना नौका भाड्याने घ्यायची असेल, तर परवानाधारक नौकाचालक आणि त्याच्याबरोबर आणखी एक अनुभवी व्यक्ती असणे आवश्यक असते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात वाहणारा ‘मेल्तेमी’ हा जोरदार उत्तरेचा वारा अननुभवी खलाशांची परीक्षा पाहतो. २६ सप्टेंबर २००० रोजी पारोस बेटाजवळ ‘एक्सप्रेस सामिना’ ही फेरीबोट खडकावर आदळून ऐंशीहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर जुन्या बोटींच्या वापरावरील निर्बंध कडक करण्यात आले.

ग्रीसचा अलीकडचा अनुभव मात्र सावधगिरीचा इशाराही देतो. सॅन्टोरिनी आणि मिकोनोस येथे क्रूझ जहाजांतून येणाऱ्या गर्दीने पाणीपुरवठा, रस्ते आणि घरभाडी यांवर असह्य ताण आला. त्यामुळे जुलै २०२५ पासून या दोन बेटांवर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर गर्दीच्या हंगामात प्रत्येकी २० युरोंचा आकार लागू झाला. १९९० पासून जागतिक वारसा असलेल्या डेलोस बेटावर तर पर्यटकांना रात्री मुक्काम करता येत नाही. त्यांना मिकोनोसहून दिवसा येऊन परतावे लागते. वारसास्थळ खुले ठेवणे आणि त्याचा उपभोग मर्यादित ठेवणे या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी केल्या जातात.

कोकणचा समुद्र वेगळा

कोकणात ग्रीसची हुबेहूब नक्कल करता येणार नाही, याची कारणे भूगोलात आहेत. येथील बेटे आकाराने लहान. त्यांवर किल्ले आहेत, मोठी गावे नाहीत. गावे आहेत ती खाड्यांच्या मुखाशी, मुख्य भूमीवर. एजियन समुद्रात भरती-ओहोटीचा फरक नगण्य असतो, तर मुंबई परिसरात उधाणाच्या वेळी तो चार ते पाच मीटरपर्यंत जातो. म्हणजे साधा दगडी धक्का दिवसातील काही तासच उपयोगी पडतो. तेथे पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के आणि खाड्यांच्या मुखाशी साचणाऱ्या गाळाचा नियमित उपसा आवश्यक ठरतो. शिवाय नैर्ऋत्य मोसमी पावसात हा समुद्र लहान नौकांना बंद असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला श्रीफळ अर्पण करण्याची कोळी बांधवांची प्रथा या निसर्गनियमाचीच खूण आहे. त्यामुळे येथील शिडाच्या प्रवासाचा हंगाम स्थूलमानाने ऑक्टोबर ते मे असाच राहील.

कथा आणि इतिहास यांच्या बाबतीत मात्र कोकण तसूभरही उणे नाही. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांशीही मराठी आरमाराला झुंज द्यावी लागली. त्याच बेटावरील वेताळाची शिळा वर्षागणिक वाढते, अशी कोळ्यांची श्रद्धा आहे. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. चोहीकडे खारे पाणी असताना किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. महाराजांच्या हातापायाचे म्हणून दाखविले जाणारे चुन्यातील ठसे पाहण्यासाठी येथे रांगा लागतात. सुवर्णदुर्ग म्हटले की कान्होजी आंग्रे यांचे नाव आठवते. विजयदुर्गाजवळ शत्रूची जहाजे फोडणाऱ्या पाण्याखालच्या भिंतीची कथा सांगितली जाते. हर्णैचा मासळीचा लिलाव, वेळासच्या किनाऱ्यावरील कासवांची पिल्ले आणि मालवणी मुलखातील दशावतार या सर्व गोष्टी एका सागरी प्रवासात गुंफता येण्याजोग्या आहेत.

सुरक्षितता आणि भाडे

या मार्गातील पहिला अडथळा विश्वासाचा आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्यात पंधरा जणांना प्राण गमवावे लागले. या बोटीची क्षमता ८४ प्रवासी आणि सहा कर्मचारी एवढी असताना तिच्यात शंभराहून अधिक माणसे होती. त्यापूर्वी मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. ‘रामदास’ला पाऊण शतक उलटल्यावरही प्रवासीसंख्येची मोजणी आणि जीवरक्षक जाकीट यांसारख्या मूलभूत गोष्टींवरच चर्चा करावी लागते, ही बाब चिंताजनक आहे. समुद्राची सवय नसलेला पर्यटक बोटीत पाय ठेवण्यापूर्वी हेच पाहणार. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाने प्रत्येक धक्क्यावर तपासणी करणे, क्षमतेचा फलक ठळकपणे लावणे आणि हवामानाचा इशारा मिळताच सेवा थांबविणे, ही कामे नव्या जेट्टींच्या उद्घाटनांइतकीच महत्त्वाची आहेत.

दुसरा प्रश्न भाड्याचा आहे. मुंबई-विजयदुर्ग सेवेच्या जाहीर झालेल्या आराखड्यात जयगडपर्यंत सुमारे तीन ते साडेतीन तास आणि विजयदुर्गपर्यंत सुमारे पाच तास असा प्रवासकाल सांगण्यात आला, तर सर्वांत खालच्या वर्गाचे भाडे २,५०० रुपये होते. रेल्वेच्या शयनयान वर्गाशी तुलना करता हा दर चाकरमान्यांच्या आवाक्यातील म्हणता येत नाही. केवळ सुट्टीतील पर्यटकांवर विसंबणारी सेवा पावसाळ्यात आणि मंदीत तोट्यात जाते, हा यापूर्वीचा धडा आहे. त्यातच रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल उभारले जात आहेत. ते पूर्ण झाल्यावर आजच्या फेरीबोटींचा बराचसा प्रवासी रस्त्याकडे वळेल. जलमार्ग टिकवायचा असेल, तर ग्रीसप्रमाणे काही मार्गांना अनुदान देण्याचा निर्णय सरकारला आताच घ्यावा लागेल.

गावाचा वाटा

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न किनाऱ्यावरील माणसांचा आहे. मासेमारीची जाळी, बोटी उभ्या करण्याची जागा आणि मासळी सुकविण्याची वाळू यांवर पर्यटनाचे आक्रमण होईल, ही कोळी समाजाची भीती निराधार नाही. मालवणमध्ये सिंधुदुर्गाची होडीवाहतूक स्थानिक होडीवाल्यांच्या हाती राहिली आहे. तेथील घराघरांत पर्यटकांची निवास-न्याहारीची सोय झाली आणि पैसा गावात खेळू लागला. हीच पद्धत हर्णै, राजपुरी, थळ आणि विजयदुर्ग येथे राबविणे शक्य आहे. मोठे जहाज मुख्य बंदरापर्यंत आले, तरी तेथून किल्ल्यापर्यंतचा प्रवास गावच्याच होडीने व्हावा, एवढी अट घातली तरी बरेच साधेल. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथील प्रवाळांवर नांगर पडू नयेत यासाठी कायमस्वरूपी बोया लावणे, खांदेरी व सुवर्णदुर्गावर एका दिवशी जाणाऱ्यांची संख्या ठरविणे, हे निर्णय गर्दी वाढण्याआधी घेतलेले बरे. सॅन्टोरिनीने ते उशिरा घेतले.

महाराष्ट्राचा किनारा नव्या मोजणीनुसार सुमारे ८७८ किलोमीटरचा आहे. त्यावरील किल्ल्यांना जागतिक मान्यता मिळाली असली, तरी त्यांना जोडणारा जलमार्ग अद्याप कागदावरून पूर्णपणे पाण्यात उतरलेला नाही. पहिल्या टप्प्यात ऑक्टोबर ते मे या काळात आठवड्यातून ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतील निवडक बंदरे घेणारी, परवडणाऱ्या भाड्याची एक बोट सुरू झाली, तरी तिचे महत्त्व मोठे राहील. मुरुडचा विद्यार्थी आणि देवगडचा बागायतदार तिचा वापर करू लागले, म्हणजे डेराबस्सीहून आलेल्या कुटुंबालाही तिच्यात जागा मिळेल. शासनाने वेळापत्रक, सुरक्षितता आणि अनुदान या तीन गोष्टींची हमी दिल्यास तो दिवस फार दूर नाही.