चित्राचा विषय काय?

आमच्या खात्यात विषय नसलेला कागद आवक होत नाही. वर 'विषय', त्याखाली 'संदर्भ', आणि मग मजकूर. वीस-बावीस वर्षे हेच करत आल्यामुळे कुठलाही कागद हाती आला की डोळे आधी त्या दोन ओळी शोधतात. त्या सापडल्या की पुढचा मजकूर वाचायची तशी गरजच उरत नाही! शेरा मारायचा आणि फाईल पुढच्या टेबलावर ढकलायची. नोकरीत हे चालते. चित्रापुढे चालत नाही, एवढेच आज सांगायचे आहे. पण सांगताना थोडे भांडावे लागणार आहे, त्याला इलाज नाही.

मागच्या एप्रिलात एलटीसीवरून परत आल्यावर मी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक छापील चित्र चिकटवले. जुन्या कॅलेंडरचे पान. सय्यद हैदर रझांचे, सत्तरच्या दशकातले. बहुतेक भाग काळा-तपकिरी, आणि त्यातून मध्येच उसळलेले तांबडे-पिवळे फटकारे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने जाता जाता पाहिले आणि म्हणाला, "हें किदें रे? असलें तर म्हजो नातूय काडटलो!" सगळे हसले, मीही हसलो. दुपारी वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले. वाचन चांगले, नाटकाला जाणारे, दिवाळी अंक विकत घेणारे. त्यांनी खाली छापलेले नाव वाचले, चष्मा सावरला आणि गंभीरपणे म्हणाले, "रझा! म्हणजे बिंदू. शून्य, बीज, ब्रह्म. फार खोल आहे हो हे."

आता गंमत अशी, की त्या चित्रात बिंदू नव्हताच.

वाचकहो, ह्या दोघांपैकी माझे भांडण दुसऱ्याशी जास्त आहे. पहिल्याने निदान चित्राकडे बघून त्याला काही कळले नाही हे कबूल तरी केले. दुसऱ्याने 'विषय' वाचला, 'संदर्भ' जोडला आणि फाईल निकालात काढली. आणि खरे सांगू? हे दुसरे गृहस्थ म्हणजे अनेक वर्षांचा मीच. कला शाखेची पदवी असली की माणसाला एवढे तरी येतेच. अमूर्त चित्र दिसले की 'अवकाश', 'अनाहत', 'शून्यत्व' असे चार शब्द फेकायचे आणि पुढच्या चित्राकडे सरकायचे. मी हे पणजीच्या प्रदर्शनांतून कितीदा तरी केले आहे. ते सुटले बालाघाटला, म्हणून आधी तिथले सांगतो.

बालाघाट मध्य प्रदेशात, पण महाराष्ट्राच्या गोंदियाला खेटून. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातला हा जिल्हा. त्यामुळे दक्षिणेकडच्या गावांत अजून मराठी कानावर पडते. आमचा गाडीवाला वारासिवनीकडचा, घरी पोवारी बोलणारा, आमच्याशी मात्र छान मराठीत बोलायचा. आम्ही गेलो होतो कान्हाचा वाघ बघायला. (तो दिसला नाही. असो.) कान्हाच्या जंगलाचा एक भाग बालाघाट जिल्ह्यात आणि दुसरा मंडला जिल्ह्यात. मुक्कीच्या दरवाज्याने आत शिरलात तर बालाघाट, किसलीकडे बाहेर पडलात तर मंडला. रान एकच. त्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नाही.

ह्याच मंडल्याच्या जंगलात १९२२ साली रझा जन्मले. वडील वनखात्यात रेंजर. म्हणजे हे पोर वाढले ते गोंडांच्या पाड्यांशेजारी, रानातल्या सरकारी घरांत. रात्रीचे रान आपल्याला भेडसावायचे, गोंडांचा नाच सुरू झाला की जीवात जीव यायचा, आणि सकाळ झाली, बाजार भरला की भीती पळून जायची, असे त्यांनी मोठेपणी सांगून ठेवले आहे. पुढे नागपूरची चित्रशाळा, मुंबईचे जे. जे., आपल्या साळगावच्या सोझांबरोबर १९४७ साली प्रोग्रेसिव्ह ग्रुप, आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस. तिथे साठ वर्षे राहून २०१० साली परतले. २०१६ साली दिल्लीत वारले आणि स्वतःच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना पुरले.

ही माहिती मला आधीपासून होती. माहितीने काय होते? काही नाही. झाले ते एका रात्री. आमच्या मुक्कामाच्या जागेतली वीज गेली आणि आम्ही अंगणात येऊन बसलो. मोहाचा हंगाम. फुले वेचायला सोपे जावे म्हणून गावचे लोक मोहाखालचा पाचोळा जाळतात, तशा लांबवर दोनतीन ठिकाणी विझत आलेल्या आगी होत्या. पहिली पाच मिनिटे सगळे नुसते काळे. मग त्या काळ्यातून तपकिरी वेगळा झाला, तपकिरीतून जांभळट, आणि निखाऱ्याच्या कडेने एक गढूळ हिरवा, ज्याला नाव मला अजून सापडलेले नाही. काही 'दिसत' नव्हते, झाड की दगड की जनावर ते कळत नव्हते, पण बघण्यासारखे इतके होते की तासभर कुणी बोलले नाही. काळोख हा एक रंग नाही हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले!

तुम्ही म्हणाल, मग तुम्हीही तेच केलेत की. चित्रात रान शोधलेत, लाल म्हणजे आग असे ठरवून मोकळे झालात. नाही. तो लाल म्हणजे मोहाखालची आग, असे मी म्हणत नाही आणि कुणी म्हटले तर मान्य करणार नाही. पॅरिसमध्ये कॅनव्हासपुढे उभ्या माणसाला त्या क्षणी काय आठवत होते, ते मला काय ठाऊक? मला एवढेच कळले, की अंधाराला जितका वेळ द्यावा लागतो तितकाच त्या चित्रालाही द्यावा लागतो. ती सवय त्या रानाने मला एका रात्रीत लावली, त्यांना लहानपणभर लावली असणार. निसर्गातून आलेले चित्र म्हणजे निसर्गाची खूण लपवलेले कोडे नव्हे. निसर्गाकडे बघून तयार झालेल्या डोळ्याने केलेले काम म्हणजे ते चित्र.

रझांच्या बिंदूची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. ककैया गावच्या शाळेत पोराचे लक्ष लागेना, म्हणून नंदलाल झारिया मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बस म्हणून सांगितले. हीच गोष्ट सांगून पुढे सगळे ब्रह्मावर जातात. अहो, पण मास्तरांनी काय सांगितले ते तरी ऐका! ह्याचा अर्थ सांग, असे म्हटले नाही. बघ, म्हटले. एवढेच. बिंदूचे निरूपण करणारे आमचे विद्वान त्या शाळेत असते तर मास्तरांनी त्यांना नापास केले असते.

ह्यावर एक आक्षेप खरा आहे. बीज, पंचतत्त्व, प्रकृती हे शब्द रझा स्वतः वापरत, चित्रांना तशी नावे देत. मग इतरांनी वापरले तर काय बिघडले? बिघडले ते असे, की त्यांना ते शब्द आयुष्यभर बघून झाल्यावर मिळाले. आपण शब्द आधी घेतो आणि बघणे रद्द करतो. शिवाय अर्थच सगळे काही असेल तर सगळे बिंदू सारखेच ठरतात. मग त्यांच्या उतारवयातल्या काही बिंदूंत हात नुसता सवयीने चालला आहे, असे मला वाटते, ते मी कशाच्या आधारावर म्हणायचे? ब्रह्म तर त्यातही आहे! बघणाऱ्यालाच चित्र आवडण्याचा हक्क असतो आणि नावडण्याचाही. २०२३ साली त्यांचे १९८९ सालचे एक चित्र लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी किंमत छापली आणि बीज-शून्य छापले. चित्र टपाल तिकिटाएवढे.

आणखी एक घटना सांगतो. २००९ साली दिल्लीत रझांच्या सुरुवातीच्या काळातल्या चित्रांचे म्हणून एक प्रदर्शन भरले. उद्घाटनाला स्वतः रझाच. आत जाऊन त्यांनी भिंती पाहिल्या आणि बहुतेक चित्रे आपली नव्हेतच, खोटी आहेत, असे सांगितले. विषय तोच, संदर्भ तोच, सहीसुद्धा तीच. खोटी होती ती फक्त चित्रे. अर्थ वाचणाऱ्याला हा फरक कधीही कळणार नाही.

ह्या आजाराची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. त्याच मंडल्यातल्या (आता दिंडोरी जिल्ह्यातल्या) पाटनगढचे जनगढसिंह श्याम. परधान गोंड. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जगदीश स्वामीनाथन ह्यांच्या माणसांनी त्यांना भोपाळच्या भारत भवनात आणले. त्यांनीही ठिपकेच मांडले, हजारो, ओळीने, प्राण्यांच्या आणि देवांच्या अंगभर. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्यांनी जीव दिला. आता बघा, रझांचा ठिपका दिसला की आपण तत्त्वज्ञान काढतो आणि जनगढचा दिसला की विचारतो, "ही कुठल्या देवाची कथा?" एकाला रानाशिवाय अर्थ, दुसऱ्याला डोळ्याशिवाय रान. पॅरिसला गेलेल्या माणसाला विचार असतो आणि पाटनगढच्या माणसाला फक्त परंपरा असते, असे हे गणित. स्वामीनाथननी शहरी आणि आदिवासी चित्रे एकाच छपराखाली ठेवली ती नेमकी हे मोडायला. आपण ते अजून शिकलेलो नाही.

बालाघाटलाच रस्त्याकडेला एका मोठ्या झाडाखाली गाडी थांबली. बुंध्याशी शेंदूर लावलेले दगड, एक लोखंडी साखळी, बांबूला पांढरे निशाण, मातीचे दोन घोडे. सौ.ने विचारले, "पण मूर्ती कुठे?" गाडीवाला म्हणाला, "मूर्ती कशाला ताई, झाडच देव. साजा हाय हा. गोंडांचा बडा देव ह्यात राहतो." दगड, लोखंड, माती, कापड, लाकूड... शहरातल्या दालनात हे मांडले असते तर शेजारी 'मिश्र माध्यमातील शिल्प' अशी पट्टी लागली असती आणि आम्ही पट्टी वाचून पुढे सरकलो असतो. तिथे पट्टी नव्हती, म्हणून थांबलो. मग मी झाडाची साल पाहिली, मगरीच्या पाठीसारखी चिरफळलेली, आणि लाजलो. साजा म्हणजे ऐन. म्हणजेच आपली माट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष! हे नाव मी सरकारी कागदांवर टंकलेले आहे. झाड मात्र ओळखले नाही.

मग गोमंतकीय माणसाला हे बघणे अवघड आहे काय? मुळीच नाही. आपल्या चवथीची माटोळी आठवा. लाकडी चौकट, केवणीचे दोर, आणि त्याला लोंबणारे नारळ, सुपारीची शिपटां, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, कांगलां, कुड्याच्या शेंगा. गोल, लांब, खरखरीत, चकचकीत, हिरवा आणि त्याहून वेगळा हिरवा. अंत्रुजेतल्या आमच्या घरी काका माटोळी बांधायचे तेव्हा एखादा घोस सोडून दुसरीकडे बांधायचे आणि मागे सरून बघायचे. का, ते कधी बोलले नाहीत. माटोळीचा अर्थ काय, असे आम्हा पोरांपैकी कुणी कधी विचारले नाही. पाटावर आडवे पडून आम्ही ती बघायचो. निसर्गातून आलेले, मिश्र माध्यमातले, कशासारखेही न दिसणारे काम डोक्यावर टांगून आपण पिढ्यान्‌पिढ्या आरत्या म्हटल्या आणि आता म्हणतो, अमूर्त कला आपल्याला कळत नाही!

पण तीही आता बदलते आहे. स्पर्धेतल्या कितीतरी माटोळ्यांत फळाबियांचा मोर असतो, वीणा असते, गणपती असतो. कसब आहे, मेहनत आहे, नाही म्हणत नाही. पण माटोळीलाही 'विषय' लागू लागला, ह्याचे मला वाईट वाटते. कांगलां कुठल्या झुडपाला येतात हे ठाऊक नसलेल्या पोराला बाजारातून जुडी आणून दिली आणि त्याचा मोर करायला सांगितले, की त्याने कांगलां बघायची बाकीच राहत नाही. तो मोर बघतो. रान तुटते तेव्हा झाडे जातात हे आपण बोलतो. त्याबरोबर बघायची सवय जाते, ते कुणी बोलत नाही.

वासुदेव गायतोंडे मूळ गोव्याच्या घराण्यातले, जन्मले मात्र १९२४ साली नागपुरात. आपल्या चित्रांना 'अमूर्त' हा शब्दसुद्धा त्यांना नको असायचा. पण आपण त्यांच्यापुढे उभे राहिलो की लगेच 'हा समुद्र' म्हणतो. गोव्याचे ना, म्हणजे समुद्रच असणार! माणूस कुठला हे कळले की चित्र बघायची गरज संपली.

माझे म्हणणे इतकेच आहे. प्रदर्शनांतल्या अर्थाच्या पट्ट्या चित्रापासून लांब, दाराबाहेर लावा. ज्याला वाचायच्या तो निघताना वाचेल. शाळेतला चित्रकलेचा तास गणिताला देणे बंद करा आणि आठवड्यातून एकदा तरी पोरांना माट्टीच्या झाडाखाली नेऊन बसवा. काढायला सांगू नका, निबंध लिहायला सांगू नका. बघा, म्हणा. झारिया मास्तरांना एक भिंत आणि एक ठिपका पुरला. त्याला ना अनुदान लागले, ना परिपत्रक.

माझ्या टेबलामागचे पान अजून भिंतीवर आहे. कोणी 'विषय काय?' विचारले की मी समोरची खुर्ची दाखवतो आणि बसा म्हणतो. बहुतेक जण घाईत असतात. शेजारचा सहकारी मात्र परवा जेवणाच्या सुटीत डबा घेऊन त्या खुर्चीत बसला आणि जेवण होईपर्यंत काही बोलला नाही. मीही विचारले नाही.