तांबेऱ्याला एकच कुलूप पुरत नाही

गव्हाच्या नव्या वाणाची शिफारस होते तेव्हा ‘तांबेरा प्रतिकारक’ हे शब्द ठळक छापले जातात. ही प्रतिकारशक्ती किती हंगाम टिकेल, याचा उल्लेख क्वचितच असतो. वस्तुतः कळीचा प्रश्न तोच आहे.

अमेरिकी शास्त्रज्ञ एच. एच. फ्लोर यांनी 1940च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करून दाखवले, की पिकातील प्रतिकारक जनुकाला जुळणारे जनुक बुरशीतही असते. तेवढे एक बदलले, की पीक शत्रूला ओळखेनासे होते. एकच वाण जितका दूरवर पेरला जाईल, तितका असा बदल झालेल्या बुरशीचा लाभ मोठा. पंजाबात ‘पीबीडब्ल्यू-343’ या लोकप्रिय वाणाला पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या वंशाने गाठले, ते याच वाटेने.

काळ्या तांबेऱ्याची कथा अधिक बोलकी आहे. राय या धान्यातून गव्हात आलेले ‘एसआर-31’ हे जनुक त्याला दीर्घकाळ रोखून होते; साहजिकच भारतासह जगभरच्या वाणांत तेच घालण्यात आले. 1998 मध्ये त्याला न जुमानणारा ‘युजी-99’ युगांडात आढळला. 2019 मधील संशोधनानुसार या बुरशीतील दोन केंद्रकांपैकी एक आफ्रिकेतील जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. दोन वंशांनी लैंगिक प्रजननाविनाच केंद्रकांची देवाणघेवाण केली होती. भारतात दारुहळदीच्या झुडपांवर होणाऱ्या लैंगिक संकराची या रोगात विशेष भूमिका नाही, हा दिलासा त्यामुळे तोकडा पडतो.

या रोगाचे बीजाणू निलगिरी-पलनीच्या डोंगरांतून वाऱ्यापावसाबरोबर मध्य भारताकडे येतात. त्यामुळे माळव्यात कोणता वाण किती क्षेत्रावर पेरला जातो, ही केवळ बियाणे विक्रेत्याच्या हिशेबाची बाब उरत नाही. एका वाणाच्या क्षेत्रावर मर्यादा आणि एकाच वाणात अनेक प्रतिकारक जनुकांची जोड, हे उपाय शास्त्रज्ञ जाणतात. बियाणे वितरणाची यंत्रणा मात्र अजून उत्पादनाच्या आकड्यांवरच चालते.

बेळगाव-धारवाडकडचा खपली गहू आज मधुमेहींचे अन्न म्हणून चढ्या भावाने विकला जातो. काळ्या तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या आंतरराष्ट्रीय संचात हाच खपली होता, आणि ‘युजी-99’ला अडवणारे ‘एसआर-13’ हे जनुकही त्यात आहे. इथिओपियात त्यालाही चकवणारा वंश आढळला आहे.