राइड दीड मिनिटाची, रांग दोन तासांची!

मंडळी, आज एक प्रश्न. उत्तर अगदी खरं द्यायचं, बढाया नकोत. मागच्या वेळी तुम्ही एखाद्या थीम पार्कला गेला होतात, तेव्हा दिवसभरात किती राइड्स केल्या? पंधरा? दहा? चला, आठ?

आमचा स्कोअर सांगू? चार! सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत, मोजून चार. आणि त्यातली एक लहान मुलांची टॉय ट्रेन होती. हसू नका.

गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. ताईचं लग्न फेब्रुवारीत ठरलेलं. घरात पत्रिका, आहेर, हॉलचा अॅडव्हान्स याशिवाय दुसरा विषय नाही. तेव्हा मी आयडिया काढली की लग्नाआधी आपण चौघांनी एक दिवस मस्त बाहेर घालवायचा. आई, बाबा, ताई आणि मी. तुम्हाला वाटेल यात काय मोठंसं? पण आमचे बाबा कोळसा खाणीत होते. आमच्या कन्हानमध्ये खाणीत नोकरी केलेला माणूस गल्लीगल्लीत सापडतो, आणि त्या घरांमधली मुलं शिफ्टच्या घड्याळावर वाढतात. बाबा फर्स्ट शिफ्टला असले की आम्ही झोपलेलो, नाइटला असले की ते झोपलेले. चौघांनी मिळून अख्खा दिवस घालवलाय असे दिवस बोटांवर मोजावेत. आता बाबा रिटायर झाले, तर ताई निघाली सासरी.

मग आपण प्लॅनिंग केलं. म्हणजे आपल्याला वाटलं की केलं! तारीख निवडली सोमवार, १५ जानेवारी. लॉजिक एकदम फिट: संक्रांतीला आपल्याकडे ऑफिसं चालू, वर सोमवार, म्हणजे पार्क रिकामं. बॉसला पटवून एक रजा काढली आणि रविवारी गाडी काढून तेलंगणात पोचलो.

आणि इथेच माती खाल्ली. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ, पतंग आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचिंग. तेलुगू मंडळींची संक्रांत म्हणजे आपली दिवाळी! शाळांना सुट्टी, कॉलेजांना सुट्टी, त्यात शनिवार-रविवार जोडून आलेला. पार्किंगमध्येच अर्धा तास गेला. तिकिटाची रांग, बॅग तपासणीची रांग, लॉकरची रांग. मोठ्या रोलर कोस्टरला दोन तास दहा मिनिटं उभे राहिलो. राइड किती वेळाची? दीड मिनिट!

बाबांनी पहिल्या रांगेतच हात टेकले. म्हणाले, "अबे, रेशनची रांग झाली, रॉकेलची झाली, हजेरीची झाली. रांगेतून सुटलो म्हणून त रिटायरमेंटचे पेढे वाटले होते!" मग ते आणि आई बॅगा सांभाळत एका झाडाखाली बसले. दिवसभर. ताई आणि मी रांगेत, ते दोघं बाकावर. चौघांचा दिवस म्हणून निघालो होतो, आणि चौघं एकत्र फक्त टॉय ट्रेनमध्ये बसलो.

चूक पार्कची अजिबात नव्हती, माझी होती. परतीच्या पाचशे किलोमीटरमध्ये मी मनाशी ठरवलं, की बॉस, हे शिकायचं.

रांगेचं गणित

आधी हे समजून घ्या की रांग हा नशिबाचा खेळ नाही, हा साधा भागाकार आहे. समजा एका राइडमध्ये २४ सीट्स आहेत आणि दर तीन मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला वीस फेऱ्या, ४८० माणसं. तुमच्या पुढे ६०० माणसं असतील तर ७५ मिनिटं गेली. आणि सकाळी गेट उघडल्याबरोबर पोचलात, पुढे फक्त ४० जण असतील, तर पाच मिनिटं! राइड तीच, तिकीट तेच.

जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली रांगेचा एक नियम गणिताने सिद्ध केला. आपल्या भाषेत सांगायचं तर रांगेतल्या माणसांची संख्या भागिले दर मिनिटाला आत जाणारी माणसं, म्हणजे तुमचं थांबणं. त्यामुळे रांगेत शिरण्याआधी दोन मिनिटं बाजूला उभं राहा. एका फेरीत किती जण बसतात आणि किती वेळाने फेरी सुटते ते बघा, पुढची डोकी अंदाजाने मोजा. मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहेच. उत्तर तासाच्या वर आलं तर गुपचूप पुढे सरका, नंतर या.

आणि खरं सांगू? हे गणित आमच्या आजीला कुणी न शिकवता येत होतं. नवरात्रात कोराडीच्या जगदंबेला ती पहाटे तीनला उठून जायची. आम्ही कुरकुर करायचो, तर म्हणायची, "आठ वाजता गेलं त देवी तेच दिसते, पण दुपार होते!" बस, थीम पार्कचा अख्खा फंडा या एका वाक्यात आला.

दोन कॅलेंडरं उघडा

पहिला नियम: तारीख निवडताना आपलं कॅलेंडर बघून थांबू नका, जिथे जाताय तिथलंही बघा. माझी संक्रांत त्यातच हुकली.

दुसरा: वीक-डे म्हणजे रिकामं पार्क, हा गैरसमज काढून टाका. नोव्हेंबर ते जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचा सीझन. मंगळवारी सकाळी गेटवर शाळेच्या बस ओळीने उभ्या दिसल्या तर दचकू नका. त्याउलट फेब्रुवारी-मार्च बघा. दहावी-बारावीच्या परीक्षा, घराघरात टीव्ही बंद, आणि ऊनही अजून माणसात असतं. ज्यांच्या घरी परीक्षेचं पोर नाही, त्यांच्यासाठी तर हा सोन्याचा काळ!

आता आपल्या विदर्भवाल्यांसाठी खास टिप, कुणाला सांगू नका. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. तेलंगणातल्या शाळा २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी १२ जूनलाच उघडल्या. म्हणजे साधारण दहा दिवस असे मिळतात, की आपली पोरं मोकळी आणि तिथली वर्गात! हैदराबादचं वंडरला २०१६ पासून सुरू आहे आणि आमच्या कन्हानहून जाणारा जबलपूर-नागपूर रस्ताच पुढे हैदराबादला जातो. त्या दहा दिवसांतला मंगळवार-बुधवार गाठा. फक्त त्या वर्षीच्या शाळेच्या तारखा तेवढ्या तपासून घ्या, आणि छत्री ठेवा. जोराचा पाऊस किंवा विजा आल्या तर मोठ्या राइड्स थोडा वेळ थांबवतात.

हेच लॉजिक खोपोलीजवळच्या इमॅजिकाला लावा. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेलगत आहे, म्हणजे दोन महानगरांचा वीकएंड तिथे एकत्र येऊन धडकणार. नागपूरहून इतकं लांब जाणारच असाल, तर शनिवार-रविवार प्रवासात घालवा आणि पार्क सोमवारनंतर करा.

त्या दिवशी काय करायचं?

● आदल्या रात्रीच पार्कजवळ मुक्काम करा. सकाळी पाचशे किलोमीटर तुडवून पोचलात, तर पहिला तास गेलाच. आणि पहिला तास म्हणजे दिवसातला सगळ्यात स्वस्त तास!

● तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. वेळा वेबसाइटवर बघा आणि गेट उघडायच्या अर्धा तास आधी तिथे हजर व्हा.

● आत शिरल्यावर गर्दी समोर दिसेल त्या पहिल्या राइडला चिकटते. तुम्ही नकाशा बघून सरळ टोकाला जा, सगळ्यात मोठी राइड आधी उरका आणि मग गेटकडे येत राहा.

● बऱ्याच पार्कांत पाण्याच्या राइड्स दुपारी सुरू होतात. सकाळी कोरड्या, दुपारी ओल्या, हा क्रम ठेवा.

● पाण्यात नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात, सुती चालत नाहीत. घरूनच घेऊन जा. नाहीतर कॉस्च्यूमच्या काउंटरवर भाड्याची रांग, आणि वर तो रंग!

● जेवण एक वाजता नको. बाराच्या आत किंवा अडीचनंतर. सगळं पार्क जेवत असतं तेव्हा राइड्स मोकळ्या असतात.

● बरोबर लहान मुलं असतील तर घरीच उंची मोजा. तासभर उभं राहून उंचीच्या पट्टीखाली पोरगं नापास झालं, की जे रडगाणं सुरू होतं... विचारू नका!

● ऑफिसची गँग असेल तर चौघा-पाचांचे गट करा. चौदा जणांनी मिळून "आता कुठे जायचं" ठरवण्यातच संध्याकाळ होते.

फास्टट्रॅक घ्यायचं का?

डिस्नेने १९९९ साली फ्लोरिडात फास्टपास आणला, तोही फुकट. वेळ घ्या, फिरून या, थेट शिरा. २०२१ मध्ये तो बंद झाला आणि त्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. आपल्याकडेही वंडरलासारख्या पार्कांत फास्टट्रॅक तिकीट मिळतं, साध्यापेक्षा बरंच महाग.

माझं मत विचाराल तर, रिकाम्या दिवशी ते पैसे वाया जातात. तारीख बदलता येत नसेल, सुट्टीचा दिवसच हाती असेल आणि बरोबर आई-बाबा असतील, तर मात्र बिनधास्त घ्या. एक लक्षात ठेवा, फास्टट्रॅकने सीट्स वाढत नाहीत. तुम्ही वाचवलेला वेळ साध्या रांगेतला कुणीतरी भरत असतो. म्हणून जमेल तोवर तारीख बदला. ते फुकट आहे आणि त्यात कुणाचं नुकसान नाही.

...आणि आमचा स्कोअर

माझी ताई शाळेत शिक्षिका आहे. लग्नानंतर ती निवांत माहेरी यायची ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच. २०२५ च्या जूनमध्ये आली, तेव्हा मी दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवली. तिची शाळा २३ जूनला उघडणार होती, तेलंगणातल्या १२ ला उघडलेल्या. मंगळवार, १७ जून. आम्ही पुन्हा चौघंच, कारण जिजूंना सुट्टी नव्हती. (सॉरी जिजू!)

बाबा यायलाच तयार नव्हते. "मले पुन्हा बाकावर बसाले नेता का? त्यापेक्षा घरचा पलंग बरा." आईने डोळे वटारले, तेव्हा कुठे गाडीत बसले.

गेट उघडलं तेव्हा आमच्या पुढे दहाबारा माणसं. तडक टोकाच्या रोलर कोस्टरकडे. बाबांच्या बीपीचा विषय आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून ठेवला होता आणि त्यांनी मान हलवली होती. (हीसुद्धा टिप समजा.) मला वाटलं बाबा नाही म्हणतील. पण रांगच नव्हती, मग नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. ताईच्या शेजारी बसले, बार खाली आला आणि गाडी सुटली.

ज्या माणसाने तीस वर्षं जमिनीखाली काढली, तो उलटा होऊन आभाळ बघत होता आणि ओरडत होता. काय ओरडत होता ते इथे छापता येणार नाही.

खाली उतरल्यावर केस सारखे केले, चष्मा पुसला आणि हळूच मला म्हणाले, "रांग नाही आहे ना बे? मग आणखी एक डाव जाऊ."

तीन वाजेपर्यंत आमच्या बारा राइड्स झाल्या होत्या. मग काहीच करायचं उरलं नाही. त्याच झाडाखाली चौघं आइस्क्रीम खात बसलो, कुणाला कुठेही जायची घाई नव्हती. ताई सासरच्या गमती सांगत होती, आई हसून हसून लाल झाली होती. तेव्हा कळलं, की रांग चुकवून मी राइड्स नाही, ही दुपार मिळवली होती.

तेव्हा मंडळी, पुढची रजा टाकण्याआधी दोन कॅलेंडरं उघडा. आणि हो, त्या जूनच्या दहा दिवसांचं कुणाला सांगू नका हं. पुढच्या वर्षी बाबांना पुन्हा जायचंय!